'लाइट बंद कर' म्हणत बसण्यापेक्षा पोरांना मीटर दाखवा

"अरे लाइट कोण बंद करणार?" हे वाक्य प्रत्येक घरात दिवसातून कितीतरी वेळा ऐकू येतं आणि मुलं ते ऐकून न ऐकल्यासारखं करतात. त्यांचं फार चुकतं असं मला वाटत नाही, कारण लाइट बंद केल्याने नेमकं काय झालं ते त्यांना कधी दिसतच नाही. वीज डोळ्यांना दिसत नाही, बिल महिन्याने येतं, तेही हल्ली मोबाइलवर, आईबाबा भरून टाकतात, विषय संपला. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे, मुलांनी घरात वीज वाचवावी असं वाटत असेल तर आधी त्यांना ती मोजायला शिकवा. एकदा मोजता आली की कुठे वाचवायची ते तीच आपल्याला सांगायला लागतात, आणि आपण ज्यावरून दिवसभर ओरडत असतो ती गोष्ट त्या यादीत बऱ्याचदा फार खाली निघते.

युनिट म्हणजे काय हे पाचवी-सहावीतल्या मुलाला दोन मिनिटात कळतं. १००० वॅटची वस्तू एक तास चालली की १ युनिट. आता वस्तूवर छापलेले वॅट शोधायला लावा, हे काम मुलांना भयंकर आवडतं कारण प्रत्येक वस्तू उलटीपालटी करून बघायला मिळते. एलईडी बल्ब ९ वॅट, ट्यूब २० वॅट, जुना छताचा पंखा ७०-८० वॅट, मिक्सर ५०० ते ७५०, इस्त्री १०००, गीझर २००० आणि नळाला लावायचा इन्स्टंट असेल तर ३०००. दीड टनाचा एसी १५०० च्या आसपास. हे सगळं एका वहीच्या पानावर लिहून फ्रीजवर चिकटवायचं.

मग एक गणित घालायचं. २००० वॅटचा गीझर उगाच १० मिनिटं जास्त चालू राहिला तर किती वीज गेली? एक तृतीयांश युनिट. तेवढ्याच विजेवर ९ वॅटचा बल्ब किती वेळ चालला असता? ३७ तास! हे उत्तर मुलांनी स्वतः काढलं ना की चेहरे बघण्यासारखे होतात. याचा अर्थ लाइट बंद करायचाच नाही असं नाही, बंद करायचाच, ती सवय आहे आणि चांगली सवय आहे. पण आपण बल्बमागे धावतो आणि गीझर तासभर चालू असतो याचा पत्ता कोणालाच नसतो, हे मुलांच्या लक्षात येणं फार महत्त्वाचं आहे.

आता मीटरकडे चला

इलेक्ट्रॉनिक मीटर असेल तर त्यावर एक बारीकसा लाल दिवा लुकलुकत असतो, सगळ्यांनी पाहिलेला असतो पण तो का लुकलुकतो ते फार कमी लोकांना माहीत असतं. मीटरवर बारीक अक्षरात एक आकडा छापलेला असतो, बऱ्याच मीटरवर ३२००, काहींवर १६०० किंवा ६४००, आणि त्यापुढे इंग्रजीत आय-एम-पी लिहिलेलं असतं. ३२०० असेल तर तो दिवा ३२०० वेळा लुकलुकला की तुमचं १ युनिट झालं. म्हणजे एका मिनिटात जितक्या वेळा लुकलुकेल त्याला साधारण १९ ने गुणायचं, आले वॅट. इतकं सोपं आहे. १६०० चं मीटर असेल तर ३८ ने गुणायचं आणि ६४०० चं असेल तर साडेनऊने.

हा खेळ रविवारी सकाळी करा, दोन माणसं लागतात. बिल्डिंगमध्ये मीटर खाली मीटर रूममध्ये असतात, तिथे एक मोठं माणूस आणि एक मूल, आणि वर घरात दुसरं मूल, दोघांचे फोन चालू. मीटरला हात लावायचा नाही, कव्हर उघडायचं नाही, फक्त लांबून बघायचं, ही अट आधीच घालायची आणि मोठ्यांनी सोबत थांबायचंच. आधी घरातलं सगळं बटणावरून बंद करायचं, फ्रीजसुद्धा दहा मिनिटांसाठी, तेवढ्याने काही खराब होत नाही. मग वरचा विचारतो "आता किती?" आणि खालची मोजते. मग फक्त एक पंखा लावायचा. मिनिटाला चार वेळा लुकलुकला, म्हणजे ७५ वॅट, जुना पंखा. मग पंखा बंद करून एकच एलईडी बल्ब, तर दोन मिनिटांत जेमतेम एकदा लुकलुकतो, मुलांना वाटतं मीटर बंद पडलं! आणि मग गीझर लावा म्हणावं. दिवा असा पटापट उडायला लागतो की मोजता येत नाही, सेकंदाला जवळजवळ दोनदा. "आई बंद कर बंद कर" असं खालून ओरडणं ऐकू येतं तेव्हा समजायचं की शिकवणी झाली, आता वेगळं काही सांगायची गरज नाही.

यातला सगळ्यात कामाचा भाग मात्र दुसराच आहे. सगळं बंद आहे असं आपल्याला वाटत असतं तेव्हाही दिवा थोडा थोडा लुकलुकत राहतो. ती वीज कोण खातंय? इथून खरा शोध सुरू होतो. टीव्ही रिमोटने बंद असतो पण बटण चालूच, सेट टॉप बॉक्स, वायफायचा राउटर, मायक्रोवेव्हचं घड्याळ, इन्व्हर्टर, डेस्कटॉपचे स्पीकर. सेट टॉप बॉक्स रिमोटने बंद केला तरी बरीचशी वीज खातच राहतो, खात्री करायची तर सकाळी उठल्या उठल्या मुलाला त्यावर तळहात ठेवायला सांगा, रात्रभर टीव्ही बंद असूनही तो कोमट लागतो. ती ऊब म्हणजे आपली वीज. सगळं मिळून २५ वॅट जरी असं गुपचूप चालू राहिलं तरी महिन्याला १८ युनिट होतात, पंचवीस वॅट गुणिले चोवीस तास गुणिले तीस दिवस, मुलांना करू द्या गुणाकार.

म्हणून रात्री झोपायच्या आधी टीव्हीचं मेन बटण बंद करणं ही घरातल्या एका मुलाची पक्की ड्यूटी असावी. बटण सोफ्याच्या मागे कुठेतरी अडकलेलं असतं आणि म्हणूनच कोणी बंद करत नाही, तर बटणवाला चांगल्या कंपनीचा एक्स्टेन्शन बोर्ड पुढे आणून ठेवा, काम सोपं झालं की मुलं करतात.

मोबाइलच्या चार्जरवरून मात्र मुलांच्या मागे लागू नका. नुसता सॉकेटला राहिलेला चार्जर अगदी नगण्य वीज खातो, आणि फोनचं म्हणाल तर १ युनिटमध्ये तो पस्तीस-चाळीस वेळा पूर्ण चार्ज होतो. बटण बंद करावं हे बरोबर, सुरक्षिततेसाठीही चांगलं, पण बिल चार्जरमुळे वाढलंय असं मुलांना सांगितलं तर ते खरं नाही आणि मोजायला शिकलेली मुलं लगेच पकडतात.

अंघोळीचा नंबर

आपल्याकडे सकाळची सगळ्यात मोठी वीज जाते ती गरम पाण्यात. एक बादली, म्हणजे साधारण २० लिटर पाणी, १५ डिग्रीने गरम करायला एक तृतीयांशपेक्षा थोडं जास्त युनिट लागतं, हे काही कमी करता येत नाही, पाणी तापायला लागते तेवढी लागतेच. वाया जाते ती अंघोळींच्या मधल्या वेळात. बाबा साडेसहाला अंघोळ करतात, मग आजोबांचा पेपर चालू असतो, मग मुलगी आठला उठते, आणि तोवर टाकीतलं पाणी निवत राहतं आणि गीझर ते पुन्हा पुन्हा तापवत राहतो.

इथे मुलांना मॅनेजर करा. आदल्या रात्रीच अंघोळीचे नंबर लावायचे, लागोपाठ, मधे गॅप नाही. आमच्याकडे धाकट्याकडे हे काम आहे आणि तो सकाळी दाराशी उभा राहून "आबा, तुमचा नंबर आला, पेपर नंतर वाचा" असं म्हणतो आणि मी दहा वेळा सांगून जे झालं नसतं ते आबा लगेच उठून करतात, नातवापुढे कोणाचं चालत नाही. शेवटचा नंबर झाला की मोठ्या माणसाला सांगायचं, "गीझर बंद करा". स्वतः ओल्या हाताने बटणाला हात लावायचा नाही, हे त्याला दहादा बजावलेलं आहे. आणि ज्यांच्याकडे बादलीत टाकायचा रॉड आहे तिथे मुलांना त्या बाथरूममध्ये पाणी तापत असताना जाऊच द्यायचं नाही, दरवाजा लावून ठेवायचा, यात वीज बचतीचा प्रश्नच नाही, जिवाचा आहे.

शॉवरपेक्षा बादलीने पाणी कमी लागतं हे सगळ्यांना माहितीये. सोलर बसवलेलं असेल तर वरून गरम पाणी खाली यायला वेळ लागतो आणि तोवर नळातलं गार पाणी आपण सोडून देतो. ते एका बादलीत धरून ठेवायचं काम सगळ्यात आधी अंघोळीला जाणाऱ्या मुलाचं. तेच पाणी झाडांना किंवा फरशी पुसायला. पाण्याचा आणि विजेचा संबंध मुलांना सांगावा लागतो, कारण नळातून पाणी आपोआप येतं असं त्यांना वाटतं, तर सोसायटीच्या खालच्या टाकीतून वरच्या टाकीत ते पंपाने चढवलेलं असतं आणि तो पंप विजेवर चालतो, आणि ते बिल मेंटेनन्समधून आपणच भरतो. गच्चीवरची टाकी वाहताना दिसली की धावत जाऊन वॉचमन काकांना सांगणं हे खेळणाऱ्या मुलांचं काम, ती सगळ्यात आधी बघतात.

फ्रीज, माठ आणि भिजवलेले हरभरे

फ्रीजचं दार उघडून आत बघत उभं राहणं हा सगळ्या मुलांचा छंद आहे. आधी ठरव काय पाहिजे, मग उघड, एवढंच सांगायचं. पण नुसतं सांगून होत नाही म्हणून एक सोपी युक्ती, फ्रीजमध्ये मुलांचा एक खण ठरवून द्या, त्यांचं दही, फळं, चॉकलेट जे काय असेल ते तिथेच, म्हणजे शोधाशोध नाही. उन्हाळ्यात तर पाण्याच्या बाटलीसाठी दर दहा मिनिटांनी फ्रीज उघडला जातो, त्याला उत्तर आपल्याकडे पिढ्यानपिढ्या आहे, माठ. रात्री माठ भरून, वरून ओलं फडकं गुंडाळून ठेवणं हे सहा-सात वर्षांचं मूल आरामात करतं. सकाळी त्या पाण्याचा पहिला ग्लास त्यालाच द्या.

फ्रीजच्या दाराचं रबर सैल झालंय का हे बघायला कागदाची टेस्ट मुलांना करू द्या. वर्तमानपत्राची एक पट्टी दारात अर्धी आत अर्धी बाहेर ठेवून दार लावायचं आणि ओढायची. अडकून राहिली तर रबर चांगलं, सुळकन बाहेर आली तर तिथून गार हवा बाहेर जातेय. चारही बाजूंनी करून बघायचं. बऱ्याचदा रबराच्या घडीत खरकटं, साय, काय काय अडकलेलं असतं, कोमट पाण्याने फडक्याने पुसलं तरी फरक पडतो, नाही पडला तर मेकॅनिकला बोलवा. गरम आमटीचं पातेलं तसंच फ्रीजमध्ये ढकलायचं नाही हे मोठ्यांसाठी, आणि यावर लक्ष ठेवायचं काम मुलांचं, त्यात त्यांना फार आनंद होतो.

गॅस पण ऊर्जाच आहे हे विसरू नका, सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि तो किती दिवस पुरला हे कॅलेंडरवर मुलांना मांडून ठेवता येतं, नवा लावला त्या तारखेला गोल करायचा. मुलांनी गॅस पेटवायचा नाही, पण रात्री राजमा, हरभरे, छोले भिजत घालणं त्यांच्याकडे द्यायला काय हरकत आहे? भिजवलेलं कडधान्य किती लवकर शिजतं ते त्यांना माहीत झालं पाहिजे. वरणाची डाळ सुद्धा अर्धा तास भिजवली तर शिट्ट्या कमी लागतात. शिट्ट्या मोजायचं काम तर त्यांचंच, ठरलेल्या शिट्ट्या झाल्या की "आई, झाल्या!" आणि आपण गॅस बंद करायचा, आतली वाफ उरलेलं काम करते. गॅसची ज्योत निळी हवी, पिवळी दिसली तर बर्नर साफ करायला झालाय, हे लांबून बघून सांगायला पण मुलं तयार असतात.

उन्हाळा

एप्रिल-मे चं बिल वेगळंच असतं, त्यामुळे उन्हाळ्याचा विचार स्वतंत्र करावा लागतो. घर तापूच नये याची काळजी घेणं हे मुलांच्या सुट्टीतलं काम. सकाळी लवकर सगळ्या खिडक्या उघड्या, नऊ-दहा वाजता ऊन चढायला लागलं की खिडक्या आणि पश्चिमेकडचे, दक्षिणेकडचे पडदे बंद, संध्याकाळी बाहेरची हवा निवली की पुन्हा उघडायच्या. हे रोज वेळेवर केलं तर दुपारी खोलीत खरंच फरक जाणवतो. घरात साधं थर्मामीटर असेल तर पडदा उघडा ठेवलेली खोली आणि बंद ठेवलेली खोली यांचं दुपारी तीनचं तापमान वहीत लिहायला लावा.

पंखा खोली गार करत नाही, माणसाला गार वाटायला लावतो, अंगावरचा घाम वाळवून. हे मुलांना नीट समजावून सांगा कारण यातच सगळं आलं, खोलीत कोणी नसेल तर पंख्याचा काडीचा उपयोग नाही. रिकाम्या खोलीत रोज चार तास जुना पंखा फिरत राहिला तर महिन्याला ९ युनिट. जिथे पंखा दिवसरात्र चालतो तिथे पुढेमागे बीएलडीसी पंखा, म्हणजे ब्रशलेस डीसी मोटरचा कमी वीज खाणारा पंखा, बसवायचा विचार करा, तो ३० वॅटच्या आसपास घेतो. आणि जुना मोठा डब्यासारखा गरम होणारा रेग्युलेटर अजून असेल तर पंखा हळू केला तरी वीज फारशी वाचत नाही, ती त्या डब्यात उष्णता होऊन जाते, नवा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर बसवा.

एसी असेल तर रिमोट मुलांच्या हातात असतोच, मग नियम पण त्यांच्याच हातात द्या. जानेवारी २०२० पासून स्टार लेबलवाले नवे एसी सुरू केल्यावर २४ वरच सुरू होतात, ते उगाच नाही, ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी या केंद्र सरकारच्या ऊर्जा बचतीच्या संस्थेच्या म्हणण्याप्रमाणे तापमान एक डिग्रीने वाढवलं की साधारण ६ टक्के वीज वाचते. १८ वर लावून गोधडी घेऊन झोपण्यापेक्षा २६ वर लावून सोबत पंखा हळू फिरवायचा, तेवढाच गारवा मिळतो. १८ वर लावल्याने खोली लवकर गार होते असं मुलांना वाटतं, पण साधा एसी आपल्या वेगानेच गार करतो, आकडा फक्त कुठे थांबायचं ते सांगतो. फिल्टर महिन्यातून एकदा मोठ्यांनी काढून द्यायचा आणि मुलांनी नळाखाली धुवायचा, त्यातून निघणारा धुळीचा थर बघितला की पुढच्या वेळी स्वतःच आठवण करतात. दाराच्या फटीजवळ उदबत्ती धरून धूर कुठे ओढला जातो ते बघा, जिथे ओढला जातो तिथे जुन्या साडीची गुंडाळी करून लावली तरी चालते. उदबत्ती अर्थात मोठ्यांनी धरायची.

विदर्भ मराठवाड्यात कूलर जास्त, आणि कूलर एसीच्या मानाने खूपच कमी वीज घेतो, पण एसीला खिडकी बंद लागते आणि कूलरला उघडी लागते, हे उलटं झालं की खोलीत नुसता दमटपणा. कूलरमध्ये पाणी भरणं मात्र मुलांचं काम नाही. दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागल्याच्या बातम्या आपण वाचतो. प्लग काढल्याशिवाय मोठ्यांनीही पाणी भरू नये आणि मुलांनी चालू कूलरला हात लावूच नये, ओल्या फरशीवर अनवाणी तर नाहीच नाही.

कोणाला काय काम द्यायचं

बालवाडीतल्या मुलाला एकच काम द्या, खोलीतून बाहेर पडताना बटण. हात पोचत नसेल तर "बंद!" असं ओरडायचं आणि दादाने बंद करायचं, चालतं. तिसरी-चौथीच्या मुलांना माठ, पडदे, कडधान्य, टीव्हीचं मेन बटण. सहावीपासून पुढे मीटरचं रीडिंग, बिलाची वही, अंघोळीचे नंबर. स्टुलावर चढून पंखा पुसणं, वायर ओढून प्लग काढणं, बल्ब बदलणं ही कामं नाही म्हणजे नाही. कामं दर महिन्याला बदलत ठेवा नाहीतर कंटाळतात.

युनिफॉर्मचं पण एक आहे. रोज सकाळी एका शर्टासाठी इस्त्री तापवण्यापेक्षा रविवारी आठवड्याचे सगळे एकदम, आणि त्यासाठी मुलांनी शनिवारीच कपडे दोरीवरून काढून, झटकून, घडी करून द्यायचे. वॉशिंग मशीन भरल्याशिवाय लावायचं नाही, आणि त्यासाठी मोजे गादीखाली न टाकता वेळेवर टोपलीत आले पाहिजेत, हे वीज बचतीच्या नावाने एकदाचं जमतंय असा अनेक आयांचा अनुभव असणार.

आणि एक गोष्ट मला मनापासून सांगायचीये. मुलं उत्साहात आली की पोलीस होतात. आजी दुपारी पडली असताना तिचा पंखा बंद करायचा नाही, घरात कोणी आजारी असेल तर त्याला विचारल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही, अभ्यास अंधारात करायचा नाही, आणि रात्री पॅसेजमध्ये झिरोचा एलईडी दिवा चालू राहिलाच पाहिजे कारण आजोबा रात्री उठतात, तो दिवा अर्धा-एक वॅटचा असतो, रात्रभर चालला तरी काही नाही. मोजायला शिकलेल्या मुलाला हे पटकन कळतं, कारण कुठे मोठी वीज जाते ते त्याला माहीत असतं. कोणाला त्रास देऊन वाचवलेली वीज आपल्याला नकोय.

वीज येते कुठून हेही मुलांना दाखवून द्या, त्याने फार फरक पडतो. चंद्रपूरचं औष्णिक केंद्र २९२० मेगावॅटचं आहे, तिथे कोळसा जळतो, त्या भागात राहणाऱ्यांना राख आणि धूर काय ते विचारा. २०१५ मध्ये परळीचं केंद्र पाणीटंचाईमुळे बंद ठेवावं लागलं होतं, म्हणजे कोळशाच्या विजेलाही पाणी लागतं हे लक्षात येतं. कोयनेचा प्रकल्प १९६० मेगावॅटचा, पाण्यावर चालणारा. मुंबई-पुणे जाता-येता खोपोलीजवळ डोंगरावरून उतरणारे जाडजूड पाइप दिसतात, तिथलं टाटांचं जलविद्युत केंद्र १९१५ सालचं, मुंबईच्या गिरण्यांसाठी वीज तिथून यायची. देशातल्या विजेचा सरासरी हिशोब धरला तर एका युनिटमागे साधारण ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. आपल्या घरात १८ युनिट वाचले तर किती किलो, हा गुणाकार मुलांनी करायचा. १४ डिसेंबरला राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन असतो, शाळेत चित्रकला स्पर्धा वगैरे होतात, तेव्हा मुलाच्या चित्रात स्वतःच्या घरचा मीटर आला तर किती छान.

बिल वाचायचं कसं

महिन्यातून एक दिवस ठरवा, बिल आलं की मुलांसोबत बसून वाचायचं. चालू रीडिंग वजा मागील रीडिंग म्हणजे वापरलेले युनिट. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांच्या वापराचा तक्ता असतो, तो मुलांना आवडतो कारण उन्हाळ्यातले खांब उंच दिसतात. १०० युनिटपर्यंत एक दर आणि त्याच्या वरच्या टप्प्यातल्या प्रत्येक युनिटला जवळपास दुप्पट दर, हे नीट दाखवा. म्हणजे तुमचा वापर १२० युनिट असेल तर वरचे २० युनिट सगळ्यात महाग, आणि आधी ते वाचवायचेत. गुपचूप जाणारे ते १८ युनिट आठवतायत ना? मुंबईत बेस्ट, टाटा, अदानी यांचे दर वेगळे आहेत, तिथे आपापल्या बिलावर टप्पे बघा. नवा स्मार्ट टीओडी (टाइम ऑफ डे, म्हणजे वापराच्या वेळेनुसार दर लावणारा) मीटर लागला असेल तर महावितरणच्या घरगुती ग्राहकांना दिवसा, ९ ते ५ मध्ये वापरलेल्या विजेवर सवलत आहे, तेव्हा वॉशिंग मशीन सकाळी सातऐवजी दहाला लावायचं काम सुट्टीच्या दिवशी मुलांवर सोपवता येईल.

तुलना मागच्या महिन्याशी करू नका, मार्चशी मेची तुलना केली तर मुलं हिरमुसतात, इतकं करूनही वाढलंच कसं म्हणून. मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा. पाहुणे आले असतील, आजारपण असेल तर वहीत शेजारी लिहून ठेवायचं. वाचलेल्या पैशांचं काय करायचं हे मुलांनाच ठरवू द्या, पण प्रत्येकाला वेगळे पैसे वाटण्यापेक्षा सगळ्यांचं मिळून काहीतरी करा, आमच्याकडे त्यातून आंब्याची पेटी येते आणि तिच्या चवीची आठवण मुलं वर्षभर काढतात.

नवीन फ्रीज किंवा एसी घ्यायचा असेल तेव्हा मुलांना दुकानात घेऊन जा. नुसते स्टार मोजायचे नाहीत, स्टारच्या खाली वर्षाला किती युनिट लागतील तो आकडा छापलेला असतो, तो दोन-तीन मॉडेलचा वहीत लिहून घ्यायचा, त्याला बाराने भागायचं, आणि लेबलवरचं साल पण बघायचं, कारण स्टारचे निकष वेळोवेळी कडक होतात आणि जुन्या सालाचे पाच स्टार नव्या सालात कमी भरू शकतात. किमतीतला फरक किती महिन्यांत भरून निघेल हे सातवीतलं मूल दुकानातच काढून देतं, तेवढा वेळ सेल्समनला थांबायला सांगा.